दुसरं कातडं

एल्क पडला की शिकार संपते आणि हमाली सुरू होते. अमेरिकेतल्या रॉकी पर्वतात सप्टेंबर हा धनुष्यबाणाच्या शिकारीचा हंगाम. जनावर पडतं ते बहुधा गाडीरस्त्यापासून काही मैल आत, कुठल्यातरी अडनिड्या उतारावर. एल्क म्हणजे आपल्या सांबराचा थोराड चुलतभाऊ. पुरा वाढलेला नर 300 ते 350 किलोंचा असतो, आणि हाडं टाकून नुसतं मांस घेतलं तरी ते 80 ते 110 किलो भरतं. पाठीवर एका खेपेला 30 किलो गेले तरी पुष्कळ झालं. म्हणजे एकट्या माणसाला तीन-चार खेपा, आणि एकेका खेपेत अर्धा दिवस सहज जातो. रात्री गारठा असला तरी दुपारी पारा 20-25 अंशांवर चढतो. जवळ ना बर्फ, ना फ्रीज. अशा वेळी शिकारी आपल्या सॅकच्या तळातून चार-पाच कापडी पिशव्या काढतो. सगळ्या मिळून वजन अर्धा-पाऊण किलो.

आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायदा 1972 सालचा. त्यामुळे या पिशव्या विकत घ्यायची वेळ तुमच्या-माझ्यावर येणार नाही. पण एका साध्या कापडाकडून इतकी परस्परविरोधी कामं करून घेतलेली मी दुसरीकडे कुठे पाहिली नाहीत.

जिवंत एल्कचं अंग आतून 38 अंशांच्या आसपास असतं. प्राण गेला म्हणून ती ऊब लगेच जात नाही. चूल विझली तरी राखेखाली निखारे बराच वेळ धगधगतात, तसंच. त्यात या जनावराचं कातडं बर्फाळ हिवाळ्यासाठी घडलेलं. वर दाट, आतून पोकळ केस, म्हणजे अंगावर जाड गोधडीच. जिवंतपणी जिने वाचवलं, तीच गोधडी आता मांस नासवते. मागच्या मांडीत, खुब्याच्या सांध्याभोवती उष्णता सर्वांत जास्त काळ अडकते. बाहेरून हाताला गार लागणारी मांडी आत हाडाशी आंबलेली निघते, आणि ते कळतं घरी पोचून सुरी लावल्यावर.

म्हणून कातडं आधी उतरवायचं. पण मग धूळ, पाला, केस आणि माश्या यांच्यासाठी मांस उघडं पडतं. शिकाऱ्याला आता त्या मांडीवर दुसरं कातडं चढवायचं असतं, आणि ते पहिल्याच्या बरोबर उलट वागलं पाहिजे. ऊब आणि ओल बाहेर सोडायची, आणि बाहेरचं काहीही आत येऊ द्यायचं नाही. प्लास्टिकची पिशवी यातलं दुसरं काम उत्तम करते आणि पहिलं अजिबात नाही. तिच्यात गरम मांस घातलं की ते स्वतःच्याच वाफेत घामेजतं. पडशीत कोंबलेल्या ओल्या टॉवेलचा वास आठवा.

पहिलं काम कसं होतं, हे ज्याने माठातलं पाणी प्यायलंय त्याला निराळं सांगायला नको. माठ पाझरतो, पाझरलेलं पाणी उडतं, उडताना उष्णता घेऊन जातं. ओलसर मांसाच्या पृष्ठभागावरही हेच चालतं, आणि त्यातला हिशेब पाहिला की थक्क व्हायला होतं. एक ग्रॅम पाणी उडायला सुमारे 2,400 जूल उष्णता लागते. म्हणजे 30 किलोंच्या मांडीवरून जेमतेम अर्धा कप, 100 ग्रॅम पाणी उडालं, तर ढोबळमानाने ती अख्खी मांडी अडीच अंशांनी निवते. फुकट! अट एकच, वारा लागला पाहिजे. सावलीत, आडव्या फांदीवर, एकमेकींना न टेकणाऱ्या पिशव्या टांगल्या की डोंगरातला रात्रीचा वारा बाकीचं काम करतो. सकाळपर्यंत मांसावर एक कोरडी, चिवट साय धरलेली असते. कोळीवाड्यात वलांडीवर टांगलेल्या बोंबलाला पहिल्या उन्हात जो कोरडेपणा येतो, त्याच्याच जातीची. तिच्यावर जिवाणू सहज वाढत नाहीत आणि माश्यांनाही ती आवडत नाही. पिशवीची खरी कमाई ही साय.

माशीचा विषय निघालाच आहे, तर जरा फ्लॉरेन्सला जाऊन येऊ. मेडिची घराण्याचा वैद्य फ्रान्चेस्को रेदी याने 1668 साली एक प्रयोग छापला. तेव्हा शिकलेली माणसंही मानत, की मांस कुजलं की त्यातून अळ्या आपोआप जन्मतात. रेदीने काही भांड्यांतलं मांस उघडं ठेवलं आणि काहींची तोंडं तलम जाळीच्या कापडाने बांधली. वारा आत जात होता, वास बाहेर येत होता, मांस कुजतही होतं. पण बांधलेल्या भांड्यांतल्या मांसात अळ्या झाल्या नाहीत. वासाने आलेल्या माश्या त्या कापडावर बसून तिथेच आपला कारभार उरकत होत्या. अळ्या माशीच्या अंड्यांतून येतात, हे त्या कापडाने सिद्ध केलं. कोलोरॅडोतला शिकारी आज जे टांगतो, ते मला तरी रेदीचंच कापड वाटतं.

रेदीचं कापड मात्र मांसापासून वर, भांड्याच्या तोंडाशी ताणलेलं होतं. पिशवी मांसाला चिकटते, आणि घोटाळा तिथेच होतो. वीण विरळ असेल तर माशी वरच्या वर बसून, आपलं अंडी घालायचं लांबुडकं टोक छिद्रातून आत खुपसते आणि थेट मांसावर अंडी सोडते. ऊब असेल तर एका दिवसात अळ्या. स्वस्तात मिळणाऱ्या, मोज्यासारख्या ताणल्या जाणाऱ्या सुती जाळीच्या पिशव्या यासाठीच कुचकामी. ताणल्या की छिद्रं आणखी मोठी होतात, आणि वाळल्यावर धागे मांसाच्या सायीत रुतून बसतात.

मग घट्ट विणीचं सुती कापड का नको? वर्षानुवर्षं तेच वापरात होतं, जुन्या उशांचे अभ्रेसुद्धा. आषाढातली आपली दांडी आठवली की याचं उत्तर मिळतं. सुती चादर तीन दिवस दमट राहते आणि शेजारची नायलॉनची साडी संध्याकाळी घडी घालायला तयार. कापूस हवेतलीच ओल सुमारे 8 टक्के धरून ठेवतो, नायलॉन 4 टक्के, पॉलिस्टर अर्धा टक्काही नाही. रक्त-पाणी शोषलेलं सुती कापड जड होतं, मांसाला लपेटून बसतं आणि त्याला वारा लागू देत नाही. पातळ, घट्ट विणीचं नायलॉन किंवा पॉलिस्टर ओल स्वतः न पिता बाहेर जाऊ देतं. त्यात ठरावीक अंतरावर जाड धाग्यांच्या चौकटी विणलेल्या असल्या, तर काटक्यांनी पडलेली चीर पुढे पसरत नाही. पाठीवर ओझं वाहणाऱ्याने सुती घेऊ नये, असं माझं स्वच्छ मत आहे. जनावर गाडीरस्त्यालगत पडलं असेल तर गोष्ट वेगळी. तिथे सुतीही चालतं आणि पैसे वाचतात.

निवडताना वजनाच्या आकड्याला भुलू नये, कारण सर्वांत हलकी पिशवी सगळीकडे चालत नाही. अलास्कात मोठा मूस, हाही हरणाच्याच कुळातला, सव्वासातशे किलोंपर्यंत जातो आणि त्याचं मांसच सव्वादोनशे किलो निघतं. तिथला कायदा कडक आहे. खाण्याजोगं सगळं मांस बाहेर आणलंच पाहिजे, टाकून येणं गुन्हा. काही भागांत ते हाडासकट आणावं लागतं. शिंगांची हौस असेल तर ती मांसाच्या नंतर. हाडासकट मांडी म्हणजे टोकदार, बोजड वस्तू. तिच्यासाठी दुहेरी शिवण आणि टांगायला मजबूत पट्टा हवाच. कोलोरॅडोत हाडं सोडून यायला हरकत नसते; पण जनावर नर की मादी, याचा पुरावा मांसाला नैसर्गिकरीत्या जोडलेला ठेवावा लागतो. सोलताना हात जरा आवरता ठेवावा लागतो तो त्यामुळे.

हाडासकट ठेवण्यात आणखी एक गंमत आहे. मांस थंड करायची इतकी घाई असूनही ती अंगाशी येऊ शकते. स्नायू ताठरण्याआधीच 10 अंशांखाली गेला तर तो आखडतो आणि मांस चिवट होतं. हाडाला धरून राहिलेला स्नायू तितका आखडू शकत नाही. म्हणून रात्र फार गार असेल तर काही जण हाडं सकाळी काढतात.

माप असं घ्यावं, की मांडी आत सहज सरकेल पण कापडाच्या घड्या पडणार नाहीत. घडीत ओल साचते. एल्कला पाच पिशव्या लागतात. दोन मांड्या, दोन फरे, आणि पाचवीत पाठीचं, मानेचं, फासळ्यांमधलं मांस. रंग पांढरा किंवा भडक असावा, कारण शेवटच्या खेपेला अंधार पडलेला असतो आणि विजेरीच्या उजेडात झाडावरची पिशवी शोधायची असते. अस्वलापुढे मात्र कुठलंच कापड टिकत नाही. त्यासाठी पिशव्या आतड्यांच्या ढिगापासून लांब नेऊन टांगायच्या आणि परत येताना आधी दुरून नीट पाहायचं.

घरी आल्यावर पिशव्या थंड पाण्यात भिजत घालायच्या. गरम पाण्याने रक्तातली प्रथिनं धाग्यात पक्की बसतात, हे आपल्या आज्यांनाही ठाऊक होतं. ब्लीच नको, त्याने नायलॉन कमकुवत होतं. सुवासिक साबणही नको, नाहीतर पुढच्या वर्षीच्या मांसाला त्याचा वास लागेल. आणि वाळवायला यंत्र कशाला? दोरीवर टाका, तासाभरात वाळतात.