व्यायाम सांगितला, वाट सांगितली काय?

वैद्यकीय व्यवसायात पडल्यास आम्हांस आता वीस वर्षे होऊन गेली. या काळात ‘व्यायाम करावा’ हे दोन शब्द आम्ही किती चिठ्ठ्यांवर लिहिले असतील याची गणना नाही. प्रमेह, स्थौल्य, आमवाताची साम अवस्था सरल्यानंतरचा काळ, मंदाग्नी, जेथे जेथे योग्य वाटले तेथे तेथे लिहिले. औषधाची मात्रा, अनुपान, काल हे सारे काटेकोर लिहावयाचे आणि व्यायाम मात्र दोन शब्दांत उरकावयाचा, ही सवय आपल्यापैकी अनेकांची असेल. आमची होती. ती कशी मोडली, ते वैद्यबंधू-भगिनींपुढे मांडावे यासाठी हा लेखनप्रपंच.

काही वर्षांपूर्वी अठ्ठेचाळीस वर्षे वयाचे एक प्रमेही रुग्ण आमच्याकडे येत. बैठे काम, कफप्रधान प्रकृती, मेदोवृद्धी. त्यांना आम्ही रोज सकाळी सायकल चालविण्यास सांगितले. त्यांनी ते मनापासून पाळले. तिसऱ्या महिन्यात पहाटे हमरस्त्यावर मागून आलेल्या वाहनाने त्यांना उडविले. डाव्या मांडीचे हाड मोडले. शस्त्रकर्म झाले, चार महिने अंथरुणात गेले. त्यांच्या पत्नी औषध नेण्यास आल्या तेव्हा एवढेच म्हणाल्या, “वैद्यराज, व्यायाम तुम्ही लिहून दिलात. कोणत्या रस्त्यानं जायचं, ते नाही लिहिलंत.” त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. म्हणूनच ते अधिक लागले.

एका दूरच्या अरण्यातील वाट

२०२३ च्या सप्टेंबरात एका पंचकर्म कार्यशाळेच्या निमित्ताने आमचे जर्मनीस जाणे झाले. तेथील एका सहभागी भौतिकोपचारतज्ज्ञ गृहस्थांनी कार्यशाळेनंतर तीन दिवस मागून घेतले आणि आम्हांस थुरिंगियाच्या अरण्यात नेले. मध्य जर्मनीतील ही पर्वतराजी फार उंच नाही. तिचे सर्वोच्च शिखर ग्रोसर बेरबर्ग सुमारे ९८३ मीटर, म्हणजे आपल्या महाबळेश्वरच्या पठाराहूनही ठेंगणे. हिच्या माथ्यावरून रेनस्टाइग नावाची प्राचीन सीमावाट जाते. पायी चालणाऱ्यांची वाट सुमारे १७० किलोमीटरची आहे. सायकलस्वारांसाठी स्वतंत्र आखलेला मार्ग सुमारे १९५ किलोमीटरचा. चढ फार तीव्र असेल किंवा पादचाऱ्यांना त्रास होईल तेथे हा सायकलमार्ग मूळ वाट सोडून वळसा घेतो, म्हणून तो लांब आहे.

आम्हांस देण्यात आलेल्या सायकलीस तिकडे ‘ग्रॅव्हल बाईक’ म्हणतात. शर्यतीच्या सायकलीसारखा खाली वळलेला दांडा, परंतु चाके चाळीस मिलिमीटर वा त्याहून रुंद. त्यांत हवा कमी भरलेली, आणि चढासाठी अगदी हलके गिअर. हा प्रकार अलीकडे इतका लोकप्रिय झाला आहे की २०२२ साली इटलीत त्याची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा भरली. आम्हांस अर्थातच शर्यतीशी कर्तव्य नव्हते. आमचे सारे लक्ष पायांखालच्या वाटेकडे होते.

ही वाट डांबराची नव्हे. फोडलेली खडी, तिच्यावर बारीक चुरा, पाणी मारून आणि रोलर फिरवून दाबलेला थर, मध्ये किंचित उंचवटा आणि कडेला चर, अशी तिची घडण. आपल्याकडील मुरमाच्या रस्त्याची ती सख्खी बहीण शोभेल. असे रस्ते अरण्यातून लाकूड वाहून आणण्यासाठी बांधले जातात. ओंडक्यांनी भरलेली जड वाहने जावयाची म्हणून चढ सहसा सौम्य ठेवलेला असतो. तोंडाशी अडसर असतो, त्यामुळे सर्वसामान्यांच्या मोटारी आत येत नाहीत. अरण्यात मनोरंजनासाठी फिरण्याची आणि तेथील रस्त्यांवर व वाटांवर स्वतःच्या जबाबदारीवर सायकल चालविण्याची मुभा तेथील १९७५ च्या संघीय वनकायद्याने दिली आहे. लाकूडतोड चालू असेल तेथे वाहन भेटते, नाही असे नाही. परंतु आमच्या तीन दिवसांत अशी वाहने दोनच भेटली.

ओबरहोफ या गावाजवळ पोहोचलो तेव्हा सोबत्यांनी थांबवून जमिनीकडे बोट दाखविले. २००३ साली खुला झालेला, ७.९ किलोमीटर लांबीचा महामार्गाचा बोगदा तेथे या डोंगररांगेच्या पोटातून जातो. खाली मोटारी धावत होत्या आणि वर स्प्रूसच्या झाडांतून वाऱ्याचा आवाज तेवढा येत होता. तेथेही सर्व काही आलबेल आहे असे मात्र समजू नये. २०१८ पासूनच्या अवर्षणाने आणि साल पोखरणाऱ्या किड्याने स्प्रूसची झाडे मोठ्या प्रमाणात वाळली आहेत, आणि उघडे पडलेले उतार वाटेवरून दिसतात. पूर्वेकडे ही वाट दोन जर्मनींच्या सीमेने तोडलेली होती. १९९० मध्ये ती पुन्हा सलग झाली. अशी वाट आपोआप टिकत नाही, कोणीतरी ती राखावी लागते, हे तेथे पदोपदी जाणवते.

अर्धशक्तीची परीक्षा

वाग्भटाचार्यांनी बलवान व स्निग्धभोजी व्यक्तीने शीतकाळी आणि वसंतात अर्ध्या शक्तीने व्यायाम करावा, अन्य ऋतूंत त्याहून मंद करावा, असे सांगितले. सुश्रुताचार्यांनी अर्धबलाची खूण दिली : हृदयस्थ वायू मुखाशी येऊ लागला, म्हणजे तोंडाने श्वास घ्यावा लागला, की अर्धे बल खर्च झाले असे जाणावे. कपाळ, नाक, काख आणि सांधे यांवर घाम येणे व तोंडास कोरड पडणे याही खुणा आपण पाठ केलेल्या आहेत.

पाठ होत्या, परंतु आम्ही त्या स्वतःच्या देहावर प्रथम अनुभवल्या त्या या अरण्यात. चढ सुरू झाला, घाम आला, तोंड उघडले आणि आम्ही उतरलो. मागे कोणी भोंगा वाजवीत नव्हते. पुढे जाण्याची घाई कोणी लावीत नव्हते. श्वास नाकावर आल्यावर पुन्हा निघालो.

तेव्हा एक साधी गोष्ट उमगली. वाहनांच्या रस्त्यावर सायकलस्वाराचा वेग त्याचा श्वास ठरवीत नाही, मागचे वाहन ठरविते. चौक ओलांडावयाचा म्हणून जोर, ट्रक आला म्हणून एकदम थांबणे, धूर आला म्हणून श्वास रोखणे आणि चित्त अखंड भयग्रस्त. अशा ठिकाणी अर्धशक्तीचे पालन होणार कसे? मात्रा पाळता येईल अशी वाट नसेल, तर मात्रेचा उपदेश पोकळ ठरतो. तृष्णा, क्षय, प्रतमक, रक्तपित्त, श्रम, क्लम, कास, ज्वर, छर्दी हे अतिव्यायामाचे दोष ग्रंथांत आहेत. त्यांपासून रुग्णास वाचविणारी पहिली गोष्ट म्हणजे त्याला हवे तेव्हा थांबता येणे.

परतल्यावर सुश्रुतसंहितेतील प्रमेहचिकित्सेचा अध्याय पुन्हा काढला. निर्धन प्रमेहीने पादत्राण व छत्रीवाचून, मुनीप्रमाणे संयमाने, एका गावी एकच रात्र राहत शंभर योजने चालावे. धनवानाने श्यामाक, नीवार यांवर राहून मृगांसह वनात वास करावा. हा भाग आम्ही विद्यार्थिदशेत अतिशयोक्ती म्हणून सोडून दिला होता. आता वाचताना दिसले की आचार्यांनी केवळ श्रम सांगितलेले नाहीत, देशही सांगितला आहे. आपण देशपरीक्षा करतो ती रोगनिदानासाठी. चिकित्सेत देशाची योजना करावयास मात्र विसरतो.

आपल्याकडे काय करता येईल

सह्याद्रीत रेनस्टाइग शोधावयास निघावे, असे आमचे म्हणणे नाही. आपल्या अभयारण्यांत आणि राष्ट्रीय उद्यानांत १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार परवानगीवाचून शिरता येत नाही, आणि ते योग्यच आहे. परंतु कालव्याच्या भरावावरील मुरमाची वाट, शेतांमधील पाणंद, टेकडीस वळसा घालणारी जुनी गाडीवाट अशा वाटा आपल्या गावोगावी अजून आहेत. आम्ही दोन महिने रविवारी सकाळी स्वतः सायकल घेऊन अशा पाच वाटा तपासल्या. त्यांतील दोन टाकल्या. एकीवर मोकाट कुत्री फार, दुसरीवर वाळूच्या गाड्या. उरलेल्या तीन वाटांचा हाताने काढलेला नकाशा आता आमच्या चिकित्सालयात लावलेला आहे.

अनुभवांती काही सूचना कराव्याशा वाटतात. महागड्या सायकलीची गरज नाही. रुंद चाकांची साधी सायकल पुरते, हवा मात्र ठणठणीत भरू नये. खडीवरील कंपनाने मनगट, ग्रीवा आणि कटी येथे वात प्रकुपित होतो. करंगळीकडील बोटे बधिर होऊ लागल्यास दांडा व बैठक यांची उंची तपासावी, हाताची पकड बदलत राहावी. आधी व नंतर तिलतैलाचा अभ्यंग हितकर. वातपित्ताचे रोगी, बालक, वृद्ध व अजीर्णी यांस हा व्यायाम सांगू नये. हृद्रोगाची शंका असल्यास आधी हृदयतपासणी करून घ्यावी. इन्शुलिन वा साखर उतरविणारी औषधे चालू असलेल्या प्रमेह्याने खिशात साखर बाळगावी आणि एकट्याने जाऊ नये.

प्रारंभी उल्लेखिलेले ते रुग्ण आता कालव्याच्या वाटेवर येतात. प्रथम सहा महिने केवळ चालले. सायकलीस हात लावावयास ते तयार नव्हते. गेल्या माघात पुन्हा बसले. औषध चालूच आहे, ते सुटेल असे वचन आम्ही दिलेले नाही. त्यांच्या पत्नीने पहिल्या दिवशी वाटेच्या तोंडाशी उभे राहून ते दिसेनासे होईपर्यंत पाहिले. शेजारी आम्हीही उभे होतो.

रेनस्टाइगवर निघणारा प्रवासी पश्चिम टोकाच्या वेरा नदीतून एक खडा उचलतो आणि पूर्व टोकाच्या नदीत सोडतो, अशी प्रथा आहे. आमचा खडा खिशातच राहिला, कारण तीन दिवसांत निम्मी वाटही पुरी झाली नाही. तो आता आमच्या मेजावर असतो. व्यायाम लिहिताना तो समोर दिसला की पुढील प्रश्न आपोआप विचारला जातो : “जाणार कोणत्या वाटेने?”

इत्यलम्.