उद्यावर टाकलेली कामे

व्यापारी माणूस आळशी असतो, असे कोणी म्हणणार नाही. दुकान वेळेवर उघडणारा, दिवसभर भाव, माल व गाडीभाडे यांचा मेळ घालणारा आणि रात्री रोजकीर्द मिळवल्यावाचून न उठणारा असा हा वर्ग आहे. तरीही बहुतेक पेढ्यांवर चार-दोन कामे 'उद्या पाहू' या दोन शब्दांवर महिनोन्महिने अडून राहतात. जुन्या येण्याचा तगादा, वखारीतील मागच्या थप्पीची तपासणी आणि मृत्युपत्र ही त्यांतील मुख्य होत. या चालढकलीचे मूळ कशात आहे व ती आवरावी कशी, याविषयी थोडा विचार सभासद बंधुभगिनींपुढे ठेवावा, असे आम्ही योजिले आहे.

प्रथम एक भेद ध्यानी घेतला पाहिजे. प्रत्येक विलंब ही चालढकल नव्हे. भाव चढेल या अंदाजाने तूर राखून ठेवणारा व्यापारीही थांबतो. पण तो हिशेब करून थांबतो. थांबण्यात आपलेच नुकसान आहे हे कळत असूनही जो थांबतो, तो चालढकल करतो. कॅनडातील कॅल्गरी विद्यापीठाचे पिअर्स स्टील यांनी २००७ साली या विषयावरील संशोधनांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध केला. काम नकोसे वाटणे, त्याचे फळ दूर असणे, ते आपल्या हातून पार पडेल असा भरवसा नसणे आणि मन चटकन दुसरीकडे ओढले जाणे, ही कारणे त्यात ठळकपणे पुढे आली. पुढे २०१३ साली फ्युशिया सिरॉइस व टिमोथी पिचिल या अभ्यासकांनी असे मांडले की, चालढकल म्हणजे बहुतांशी मनाची अस्वस्थता घटकाभर टाळण्याची खटपट होय. काम पुढे ढकलताच जीव हलका होतो. ते सुख क्षणाचे असते, आणि काम मात्र जागच्या जागी राहते.

आपल्या परंपरेस ही गोष्ट अपरिचित नाही. तत्त्वार्थसूत्रात कर्मबंधाची जी पाच कारणे सांगितली आहेत, त्यांत प्रमाद हे एक आहे. सहाव्या गुणस्थानास तर 'प्रमत्तसंयत' असेच नाव आहे. म्हणजे महाव्रते घेतलेल्या साधूसही प्रमादाचा धोका मानला आहे. मग संसारी व्यापाऱ्याने त्याविषयी सावध असावे, यात नवल ते काय?

आता नुकसानीकडे वळू. ज्या कामास दुसऱ्याने मुदत घालून दिली आहे, ते बहुधा होते. जीएसटीच्या विवरणपत्राची तारीख चुकली तर विलंबशुल्क पडते, म्हणून मुनीम आठवण देतो, करसल्लागार फोन करतो. ज्या कामाची मुदत मुकेपणी संपते, तेथेच घात होतो.

येण्याचेच पाहा. १९६३ च्या मुदतीच्या कायद्याप्रमाणे विकलेल्या मालाच्या किमतीचा दावा सामान्यतः ३ वर्षांच्या आत लावावा लागतो. मुदत संपण्यापूर्वी ऋणकोने सहीनिशी येणे मान्य केले, तर तेव्हापासून नवी मुदत धरली जाते. एका सहीचे काम. पण भिडेपोटी ते राहून जाते. भीड सांभाळून संबंध टिकतात, हा समजही खरा नव्हे. चार वर्षे तगादा न केल्यामुळे पैसे तर गेलेच, शिवाय तो गिऱ्हाईक तोंड चुकवून पलीकडच्या रस्त्याने जाऊ लागला, असे प्रकार आम्ही बाजारात पाहिले आहेत. महिन्याच्या महिन्याला गोडीने विचारले असते, तर रक्कम आणि माणूस दोन्ही राहिली असती.

वखारीची गोष्ट याहून वाईट, कारण किडीला भीड नसते. कडधान्यावरील भुंगा दाण्याच्या पाठीवर अंडी चिकटवतो व अळी आत शिरते. वरून दाणा धड दिसतो. उबदार हवेत महिन्याभरात नवी पिढी बाहेर पडते. एक मादी शंभराच्या आसपास अंडी घालते. त्यांतील निम्मी जगली व त्यांत निम्म्या माद्या धरल्या, तरी एकीच्या महिन्याने २५ आणि दोन महिन्यांनी ६२५ होतात. हे चक्रवाढ व्याज आपल्या नावे पडते. पोत्यात सळई घालून नमुना पाहण्यास काही क्षण लागतात. कीड दिसलीच, तर धुरी देण्याचे काम मात्र परवानाधारक जाणकाराकडेच सोपवावे. तो वायू माणसाच्या जिवावर बेतणारा असतो.

तिसरे काम घरचे. मृत्युपत्रास मुद्रांक लागत नाही, नोंदणीही सक्तीची नाही. साध्या कागदावर लिहून दोन साक्षीदारांसमक्ष सही करावी व त्यांच्याही सह्या घ्याव्या, एवढे पुरते. बँक खात्यास १ नोव्हेंबर २०२५ पासून चार जणांपर्यंत नामनिर्देशन करता येते. मात्र नामनिर्देशन म्हणजे वारसा नव्हे, हे विसरू नये. १० वर्षे व्यवहार न झालेल्या खात्यांतील रक्कम रिझर्व्ह बँकेच्या निधीकडे वर्ग होते. ती परत मागता येते खरी. पण कोठे काय ठेवले आहे हेच ठाऊक नसलेल्या पत्नीस व मुलांस ती मागावी कोणी सांगायची? मरणाचा विचार नको म्हणून आपण कागद टाळतो, आणि त्या टाळण्याचे ओझे शोकात असलेल्या घरावर पडते.

उपाय साधेच आहेत. पहिला, काम टाळतो आहोत असे दिसताच त्यातले नेमके काय नकोसे आहे, हे स्वतःस विचारावे. बहुधा सगळे काम जड नसते; एक फोन वा एक वाक्य जड असते. दुसरा, पहिली पायरी लहान करावी. 'वसुली करणे' असे न लिहिता 'अमक्याच्या खात्याची बाकी काढणे' असे लिहावे. तिसरा, कामास वेळ व जागा यांची गाठ मारावी. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी १९९९ साली दाखवून दिले की, 'अमुक वेळ आली की अमुक करीन' असा बांधून केलेला निश्चय नुसत्या इच्छेपेक्षा पुष्कळ अधिक पार पडतो. 'दिवाबत्ती झाली की रोजकीर्द उघडण्यापूर्वी दोन तगाद्याचे फोन' हा असा निश्चय होय. चौथा, मुक्या मुदतीस आपणच बोलके करावे: ३० दिवसांनी फोन, ६० दिवसांनी बाकीचे पत्र आणि वर्षाअखेर सहीनिशी बाकी मान्य, असा पेढीचा नियमच ठरवावा. नियम पेढीचा झाला की भीड आपोआप कमी होते.

पाचवा उपाय काहींस उलटा वाटेल. झाल्या विलंबाबद्दल स्वतःस दूषण देत बसू नये. कॅनडातील कार्लटन विद्यापीठात विद्यार्थ्यांवर झालेल्या व २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, पहिल्या परीक्षेच्या वेळची चालढकल ज्यांनी स्वतःस क्षमा करून सोडून दिली, त्यांची पुढच्या परीक्षेच्या वेळची चालढकल कमी झाल्याचे आढळले. क्षमावाणीच्या दिवशी आपण जगास क्षमा करतो. तीतला थोडा वाटा स्वतःसही द्यावा, व लगेच वही उघडावी. मात्र कोणाचे मन दीर्घकाळ उदास राहून साधी कामेही होईनाशी झाली असतील, तर त्यास आळशी न म्हणता वैद्यकीय सल्ला मिळवून द्यावा.

दिवाळीस वहीपूजन होईल. त्यापूर्वी प्रत्येक सभासदाने एक जुने येणे सहीनिशी मान्य करून घ्यावे, एक मागची थप्पी तपासावी आणि घरातील कर्त्या माणसांस कागदपत्रांची जागा दाखवावी, एवढीच आमची विनंती आहे. यांपैकी पहिले काम कोणते, हे हा अंक खाली ठेवण्यापूर्वीच ठरवावे.