नवा कॅमेरा, लेन्सचा बिघाड आणि वॉरंटीचा हक्क

भुदरगड तालुक्याचे मुख्य ठिकाण असलेल्या गारगोटीत छायाचित्रण हा आता केवळ हौसेचा विषय राहिलेला नाही. लग्नसराई, शाळा-महाविद्यालयांची स्नेहसंमेलने, ग्रामसभा, पूर्ण झालेल्या कामांच्या नोंदी अशा अनेक प्रसंगी छायाचित्रकाराची गरज भासते. पुष्कळ ठिकाणी मोबाईल फोनवर काम भागते हे खरे. परंतु रात्रीच्या मांडवात किंवा सभागृहाच्या मागील रांगेतून चित्र टिपावयाचे झाल्यास लेन्स बदलता येणारा कॅमेराच लागतो. तो घेण्यासाठी होतकरू तरुणाला बहुधा कर्ज काढावे लागते. अशा वेळी नव्या कॅमेऱ्याच्या पडद्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशीच लेन्सशी संपर्क तुटल्याची सूचना झळकली, तर यंत्र अडते आणि लग्नघरचा घेतलेला इसारही परत करण्याची पाळी येते.

कोल्हापूर जिल्ह्याला कॅमेऱ्याच्या दुरुस्तीची परंपरा नवी नाही. बाबूराव पेंटर यांनी १९१८ च्या सुमारास कोल्हापुरात स्वतः चलच्चित्रणाचा कॅमेरा घडविला आणि १९२० मध्ये 'सैरंध्री' हा मूकपट पडद्यावर आणला. त्या काळच्या कॅमेऱ्यात दातेरी चाके, स्प्रिंग आणि स्क्रू होते. कसबी कारागिराला ते उघडता येत, नवे भाग घडविता येत. आजच्या कॅमेऱ्याचे तसे नाही. कॅननने १९८७ मध्ये आपल्या कॅमेऱ्यांसाठी पूर्णतः विद्युत संदेशांवर चालणारी लेन्सची जोडणी आणली. त्या जोडणीत सामान्यतः ८ संपर्कबिंदू होते; २०१८ मध्ये आलेल्या तिच्या नव्या पिढीत ते १२ झाले. लेन्सच्या मागील बाजूस दिसणारे हे सोनेरी ठिपके म्हणजेच कॅमेरा आणि लेन्स यांच्या संभाषणाचा मार्ग होय. वीज, फोकसच्या आज्ञा व छिद्र किती उघडावे याची सूचना या सर्व गोष्टी त्यांच्यावाटे जातात. एका ठिपक्यावर बोटाचे तेल किंवा धुळीचा कण बसला तरी संभाषण खंडित होते. कॅननच्या अनेक कॅमेऱ्यांवर दिसणारी 'एरर ०१' ही सूचना याच प्रकारची असून, संपर्कबिंदू स्वच्छ करा, असे ती स्वतःच सांगते.

म्हणून पडद्यावर बिघाडाची सूचना दिसताच यंत्र सदोष निघाले, असा निष्कर्ष काढू नये. काही सूचना तर बिघाडाच्या नसतातच. निकॉनच्या काही लहान लेन्स मिटवून ठेवता येतात. कडे फिरवून त्या उघडल्याखेरीज कॅमेरा चित्र घेत नाही. त्याच कंपनीच्या छिद्राचे कडे असलेल्या जुन्या लेन्स नव्या कॅमेऱ्यावर चढविल्या आणि ते कडे सर्वांत लहान छिद्राच्या आकड्यावर आणून अडकविले नाही, तर पडद्यावर एफ-ई-ई ही अक्षरे उमटतात. जुनी लेन्स नव्या बॉडीवर बसविण्यासाठी मध्ये जोडकडे वापरले असेल तर सांधे एकाऐवजी दोन होतात. विद्युत संपर्क नसलेले स्वस्त जोडकडे असल्यास कॅमेऱ्याला लेन्स बसविल्याचे कळतच नाही.

तपासणी कशी करावी

प्रथम कॅमेरा बंद करून लेन्स काढावी आणि 'खट्' असा आवाज येईपर्यंत फिरवून पुन्हा बसवावी. पुष्कळदा लेन्स अर्धवटच फिरविलेली असते. तरीही सूचना कायम राहिल्यास बॅटरी काही मिनिटे काढून ठेवावी व पूर्ण भारित करून परत घालावी. त्यानंतर कोरड्या, धागे न सुटणाऱ्या मऊ कापडाने लेन्स व बॉडी या दोन्ही बाजूंचे संपर्कबिंदू हलके पुसावेत. तोंडाने फुंकर मारू नये, कारण तिच्यासोबत ओल जाते. खोडरबर किंवा पॉलिश कागदही लावू नये. सोन्याचा मुलामा अतिशय पातळ असतो आणि तो एकदा गेला की गेला. लेन्स काढलेली असताना बॉडीचे तोंड खाली धरावे. भुदरगडच्या पावसाळ्यात हे काम बंद, कोरड्या खोलीतच करणे इष्ट.

यापुढची परीक्षा सर्वांत महत्त्वाची आहे आणि बहुतेक जण नेमकी तीच टाळतात. त्याच बनावटीची दुसरी लेन्स या कॅमेऱ्यावर आणि ही लेन्स तशाच दुसऱ्या कॅमेऱ्यावर लावून पाहावी. गावातील एखाद्या सहव्यावसायिकाकडे किंवा विक्रेत्याच्याच दुकानात हे दहा मिनिटांत होते. दोष लेन्सबरोबर गेला तर तो लेन्सचा. बॉडीपाशी राहिला तर बॉडीचा. बॉडी एका कंपनीची व लेन्स दुसऱ्या कंपनीची असल्यास या परीक्षेवाचून गत्यंतर नाही. अन्यथा एक कंपनी दुसरीकडे बोट दाखविते आणि ग्राहक मध्येच लोंबकळत राहतो. अशा जोडीत दोघांच्या अंतर्गत आज्ञावलीचा, म्हणजे फर्मवेअरचा, मेळ नसणे हेही कारण असू शकते. माहितीपुस्तिका पाहून ते अद्ययावत करता येते.

पडद्यावरील सूचनेचे छायाचित्र फोनवर त्याच दिवशी घ्यावे. मात्र एकही स्क्रू सोडवू नये. अनधिकृत हाताने यंत्र उघडल्यास वॉरंटी नाकारण्याचे कारण कंपनीला आपण होऊनच दिल्यासारखे होते.

हक्क आणि कागदपत्रे

वॉरंटी म्हणजे नवी वस्तू बदलून देण्याचे वचन, असा समज सर्वत्र आढळतो. तो बरोबर नाही. सामान्यतः ते निर्मितीतील दोष विनामूल्य दुरुस्त करून देण्याचे वचन असते. पडझड, पाणी, वाळू व बुरशी यांमुळे झालेली हानी त्यातून बहुधा वगळलेली असते. बॉडी, लेन्स आणि बॅटरी यांच्या मुदतीही वेगवेगळ्या असू शकतात. परदेशातून परस्पर आणलेला माल थोडा स्वस्त पडतो; परंतु त्याला येथील कंपनीची वॉरंटी मिळेलच असे नाही. खोक्यावर आयातदाराचे नाव-पत्ता आणि कमाल किरकोळ किंमत छापलेली आहे की नाही, हे पैसे देण्यापूर्वीच पाहावे.

वॉरंटीपत्राच्या पलीकडे कायद्याचेही संरक्षण आहे. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ हा २० जुलै २०२० पासून अमलात आला. सदोष वस्तू परत घेऊन रक्कम देण्यास बिलात नमूद केलेल्या मुदतीत, आणि तशी मुदत नसल्यास ३० दिवसांत, नकार देणे ही या अधिनियमानुसार अनुचित व्यापारी प्रथा ठरते. 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' या छापील ओळीने सदोष मालाची जबाबदारी टळत नाही. म्हणूनच पहिल्या तीस दिवसांत विक्रेत्याला लेखी कळविण्यास विशेष महत्त्व आहे. तोंडी आश्वासनावर महिना घालविणारा ग्राहक आपलीच बाजू दुबळी करून घेतो.

व्यापारी प्रयोजनासाठी वस्तू घेणारी व्यक्ती या कायद्यात ग्राहक ठरत नाही. तथापि केवळ स्वयंरोजगाराद्वारे उपजीविका करण्यासाठी घेतलेली वस्तू त्याला अपवाद आहे. लग्नाची छायाचित्रे काढून घर चालविणाऱ्या तरुणाला या तरतुदीचा आधार घेता येतो. प्रथम राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. तेथे समाधान न झाल्यास कोल्हापूर येथील जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे जाता येते. खरेदी मुंबईत किंवा ऑनलाइन झालेली असली तरी तक्रारदार जेथे राहतो तेथे दाद मागण्याची मुभा कायद्याने दिली आहे. पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीवर शुल्क नाही. कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार दाखल व्हावी लागते. आवश्यक वाटल्यास आयोग वस्तू प्रयोगशाळेत तपासून घेऊ शकतो. त्या वेळी यंत्र कोणी उघडलेले नसेल तर तपासणीला अर्थ राहतो.

शाळा व ग्रामपंचायतींनी खरेदी करताना बिल संस्थेच्याच नावे घ्यावे. जडवस्तू संग्रह नोंदवहीत नुसते 'कॅमेरा एक नग' असे न लिहिता बॉडी आणि लेन्स यांचे अनुक्रमांक स्वतंत्रपणे नोंदवावेत. शिक्षक किंवा ग्रामसेवक बदलून गेल्यावर वॉरंटीपत्र सापडत नाही, ही अडचण मूळ कागद प्रमाणकासोबत ठेवून त्याची प्रत कॅमेऱ्याच्या पिशवीत ठेवल्यास टळते. माल ताब्यात घेतानाच विक्रेत्यासमोर लेन्स दोन-तीनदा काढून बसवावी, वीस-पंचवीस चित्रे घ्यावीत आणि मगच पोच द्यावी.