गाणाऱ्याचं नाव

स्टीफन हिस्लॉप हा स्कॉटिश मिशनरी 1845 साली नागपुरात आला आणि 1863 च्या सप्टेंबरात टाकळघाटची शिळावर्तुळं पाहून परतताना पूर आलेल्या नाल्यात बुडाला. त्याची टिपणं रिचर्ड टेंपलने 1866 साली छापली. त्यांत गोंडांचा आद्यगुरू लिंगो याची गोंडी गाथा आहे. रोमन अक्षरांत गोंडी शब्द, सोबत इंग्रजी अर्थ. ती सांगितली एका परधानाने. परधान म्हणजे गोंडांच्या वंशावळी आणि देवकथा तोंडपाठ असलेला गायक. पुढे हिस्लॉपच्या नावाने शहरात कॉलेज झालं, ब्रिटिश अधिकारी फोर्साइथने 1871 च्या आपल्या पुस्तकात त्या गाथेचं इंग्रजी पद्य केलं. परधानाचं नाव मात्र कुणी लिहून ठेवलं नाही. मोतीरावण कंगाली (1949–2015) यांच्या कामाचा मागोवा या रिकाम्या जागेपासूनच घ्यायला हवा. ज्या समाजाकडून शतकभर नुसती माहिती घेतली गेली, त्यातलाच एक माणूस लेखक म्हणून उभा राहिला, हे त्यांचं खरं कर्तृत्व. सिंधू लिपी वाचल्याचा दावा नव्हे.

कंगाली रामटेक तालुक्यातल्या दुलारा गावचे. रामाच्या टेकडीच्या मुलखातला माणूस नावात रावण वागवतो, तिथेच त्यांची निम्मी भूमिका सांगून होते. पोटापाण्यासाठी रिझर्व्ह बँकेची नोकरी. डॉक्टरेट अलीगढ मुस्लिम विद्यापीठाची, तीही गोंडांच्या सांस्कृतिक मूल्यांवर. 1984 मध्ये ‘गोंडवाना का सांस्कृतिक इतिहास’ आलं, मग ‘पारी कुपार लिंगो गोंडी पुनेम दर्शन’ आणि गोंडी शब्दकोश. नागपूरचा इतिहास आपण भोसल्यांपासून रंगवून सांगतो. शहर वसवणारा देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शहा एका वाक्यात उरकतो. बखर आणि ताम्रपट आपल्याला पुरावा वाटतात, गाणं वाटत नाही. कंगालींनी गाण्याचा ताळा घेतला तो सोयरिकीशी. गोंडांत चारदेवे, पाचदेवे, सहादेवे, सातदेवे अशी कुळं असतात आणि सारख्या देवसंख्येच्या कुळांत लग्न होत नाही, म्हणून स्थळ आलं की देव किती, हे आधी विचारायचं. इंग्रजी नोंदींत ही एक रूढी म्हणून येते. कंगालींच्या मांडणीत ती लिंगोने घालून दिलेली समाजरचना ठरते, ‘पुनेम’चा, म्हणजे गोंडी धर्माचा, कणा. लिंगोच्या गाथेत काही मुलं एका गुहेत कोंडली जातात. ती गुहा गोंदिया जिल्ह्यातल्या कचारगडची, हे सांगणाऱ्यांतही ते पुढे होते. माघ पौर्णिमेला तिथे आता कितीतरी राज्यांतून गोंड येतात.

आक्षेप आहेत, आणि पहिला तर मान्यच करावा लागतो. 2002 च्या पुस्तकात कंगालींनी सिंधू मुद्रा गोंडीतून वाचल्या. मुद्रांवरचे लेख सरासरी पाचेक चिन्हांचे, पडताळायला द्विभाषिक लेख एकही नाही. अशा ठिकाणी मनात येईल ती भाषा बसवता येते. गावांच्या नावांची गोंडी व्युत्पत्ती सांगतानाही त्यांचा हात सैल सुटतो. दुसरा आक्षेप अधिक खोल जातो: हा अभ्यास नाही, चळवळ आहे. होतीच चळवळ. पण हिस्लॉप तरी कुठे तटस्थ होता? तो धर्मप्रसाराला आलेला, त्याचा संपादक टेंपल तर मध्यप्रांताचा कारभार बघणारा. त्यांचे हेतू बाजूला ठेवून आपण त्यांच्या नोंदी वापरतोच ना? मग घरच्या माणसालाही तेच माप लावावं: कुळं, शब्द, गाथा ठेवून घ्याव्यात, त्यांवर चढवलेला अर्थ तपासून घ्यावा. 2011 च्या जनगणनेत गोंडी मातृभाषा सांगणारे 29 लाखांवर होते आणि ही भाषा आठव्या अनुसूचीत नाही. अशा भाषेचा कोश तिच्याच माणसाने रचला, याचं मोल एका फसलेल्या लिपिवाचनाने कमी होत नाही. मराठी इतिहासलेखनाने कंगालींची दखल फारशी घेतली नाही, त्याला एक साधंसं कारणही आहे. गोंड अनेक राज्यांत विखुरलेले, म्हणून त्यांनी बहुतेक पुस्तकं हिंदीत लिहिली. रामटेक नागपूरपासून जेमतेम पन्नास किलोमीटर, पण तिथल्या या लेखकापर्यंत पोचायला मराठी वाचकाला हिंदीच्या वाटेने जावं लागतं.