पिकअप मोटारीच्या फाळक्यातील बुशाची झीज

उघड्या हौद्याच्या हलक्या मालवाहू मोटारीस पिकअप म्हणतात. फोर्ड कंपनीने १९२५ साली आपल्या ‘मॉडेल टी’ मोटारीवर असा हौदा कारखान्यातच बसवून देण्यास प्रारंभ केला आणि तेव्हापासून अमेरिकेच्या शेतावर व बांधकामावर हे वाहन सर्वत्र दिसू लागले. हौद्याची मागील बाजू खाली पाडता येते. तिला आपल्याकडील मालमोटारचालक ‘फाळका’ म्हणतात; तोच शब्द येथे योजिला आहे. महाराष्ट्रातील पिकअपचे फाळके बहुधा कायम जोडलेल्या बिजागऱ्यांवर फिरतात. अमेरिकी पिकअपचा फाळका मात्र सामान्यतः काढून ठेवता येण्याजोगा असतो, आणि प्रस्तुत विवेचन त्या रचनेपुरते आहे.

या रचनेत हौद्याच्या दोन्ही भिंतींच्या खालच्या टोकांस एकेक पोलादी खुंटी असते व फाळक्याच्या खालच्या कोपऱ्यांत तिला सामावून घेणारी वाटी असते. काही नमुन्यांत हा क्रम उलटा आढळतो. अनेक गाड्यांत उजव्या बाजूच्या वाटीस खाच ठेवलेली असते आणि खुंटीच्या दोन बाजू सपाट केलेल्या असतात. फाळका अर्धवट, म्हणजे सुमारे ४५ अंशांवर, आणला असता सपाट बाजू व खाच एका रेषेत येतात आणि ती बाजू वर उचलून मोकळी करता येते. खुंटी व वाटी यांच्यामध्ये जे कडे बसविलेले असते, तेच बुश होय. ते बहुधा नायलॉनचे किंवा तत्सम प्लास्टिकचे असते. ते धातूपेक्षा मऊ असावे, म्हणजे झीज त्याच्या वाट्यास यावी व खुंटी अबाधित राहावी, असा त्यामागील हेतू आहे.

हे बुश फाळका वारंवार उघडल्यामुळे झिजते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती तपासून पाहण्याजोगी आहे. आर्चर्ड यांनी १९५३ साली मांडलेल्या नियमानुसार झिजून गेलेल्या द्रव्याचे आकारमान हे भार व घसरणीचे एकूण अंतर यांच्या सम प्रमाणात आणि मऊ पृष्ठाच्या कठिनतेच्या व्यस्त प्रमाणात असते. खुंटीचा व्यास २० मिलिमीटर मानला, तर फाळका पाव वर्तुळातून खाली आणून पुन्हा वर नेताना पृष्ठे एकमेकांवर सुमारे ३१ मिलिमीटर घसरतात. दिवसातून दहा वेळा उघडझाप झाली, तरी हे अंतर ३१ सेंटिमीटरच्या पलीकडे जात नाही. आता बंद फाळक्याचा विचार करावा. खडबडीत रस्त्यावर तो दर सेकंदास दहा वेळा केवळ एकदशांश मिलिमीटर पुढे-मागे सरकतो असे धरले, तर एका तासात ७ मीटरहून अधिक अंतर भरते. भार सारखाच मानल्यास ही सुमारे तेवीस दिवसांच्या उघडझापीइतकी झीज झाली. आकडे गृहीत धरलेले आहेत हे खरे. परंतु ते बरेच कमीजास्त केले तरी निष्कर्ष बदलत नाही. बुश मुख्यतः फाळका बंद असतानाच, प्रवासात, झिजते.

म्हणूनच दोषाची पहिली खूण उघडताना येणारी अडचण ही नसून चालत्या गाडीतील खडखडाट ही असते. प्रारंभी सैलपणा अल्प असतो. पण सैलपणाने कंपन वाढते व कंपनाने सैलपणा. पुढे नायलॉन फाटून धातू धातूस भिडला, की सांध्यातून तांबूस भुकटी गळू लागते. ही भुकटी लोहाच्या ऑक्साइडची असून ती मऊ पोलादाहून कठीण असते. काच व सोने यांना झिलई देण्यास हीच लाल पूड वापरतात, यावरून तिची घासण्याची शक्ती ध्यानी यावी. या अवस्थेपर्यंत दुर्लक्ष झालेल्या गाडीत नुसते नवे बुश घालून काम भागत नाही. खुंटी अंडाकृती झालेली असते आणि नवे बुश काही महिन्यांतच जुन्यासारखे होते.

परीक्षा सोपी आहे. फाळका बंद करून त्याचा खालचा कोपरा हाताने वर उचलून पाहावा आणि दोन्ही कडांच्या फटी ताडून पाहाव्यात. एक बाजू खाली बसलेली असेल, तर वरचा खटका आपल्या कडीत नीट बसत नाही. अशा वेळी अनेक कारागीर कडीच सरकवून देतात. तो उपाय सर्वस्वी चुकीचा आहे, कारण त्याने खूण तेवढी पुसली जाते आणि फाळका वाकड्या स्थितीतच बंद होत राहतो.

प्रत्यक्ष बदलास फार तर अर्धा तास लागतो. अमेरिकेत मे २०१८ पासून नव्या हलक्या वाहनांस मागील दृश्य दाखविणारा कॅमेरा सक्तीचा झाला आहे आणि पिकअपमध्ये तो बहुधा फाळक्यावरच असतो. म्हणून तारांची जोडणी सर्वांआधी सोडवावी. नंतर एका सहायकाने फाळका पेलून धरावा व दोन्ही आधारदोर खुंट्यांवरून काढावेत. फाळका सुमारे ४५ अंशांवर आणून प्रथम खाचेची बाजू उचलावी व मग दुसरी बाजू खुंटीवरून आडवी ओढून घ्यावी. जुने बुश उचकटून काढल्यावर वाटी व खुंटी स्वच्छ पुसून खुंटीचा व्यास दोन परस्परलंब दिशांनी मोजावा. दोन मापांत डोळ्यांस जाणवण्याइतका फरक असल्यास खुंटीही बदलणे इष्ट. नवे बुश हाताच्या दाबाने किंवा लाकडी ठोकळ्याच्या आधाराने बसवावे. हातोडीचा थेट घाव नायलॉनला तडा देतो. बसल्यावर खुंटी त्यात सहज फिरली पाहिजे. नायलॉन ओल शोषून फुगते, त्यामुळे कोरड्या दिवशी अगदी घट्ट बसणारे बुश पावसाळी हवेत अडकण्याचा संभव असतो.

वंगणाविषयी मतभेद आहेत. साधे ग्रीस नायलॉनला अपाय करीत नाही, परंतु उघड्या सांध्यात ते धूळ धरून ठेवते व त्या चिखलाचे घर्षण बुशास बाधते. तेव्हा सिलिकोनचा पातळ थर अधिक श्रेयस्कर.

काढलेले आधारदोर पुन्हा अडकविण्यापूर्वी त्यांची टोके वाकवून पाहावीत. २००४ साली जनरल मोटर्सने ३५ लाखांहून अधिक पिकअप याच दोरांसाठी परत बोलावल्या होत्या. जस्ताचा मुलामा असूनही ते गंजून तुटत. उघड्या फाळक्यावर माणूस उभा असताना एक दोर तुटला, तर सारा भार एकाएकी दुसऱ्या दोरावर व खालच्या दोन सांध्यांवर येतो, आणि त्यांपैकी खाचेच्या बाजूचे बुश झिजलेले असेल, तर तिरपा झालेला फाळका तेथून निसटू शकतो.