समद्विभुज त्रिकोण आणि 'गाढवांचा पूल'

ज्या त्रिकोणाच्या दोन बाजू समान असतात, त्यास समद्विभुज त्रिकोण म्हणतात, व त्याच्या पायावरील दोन कोनहि समान असतात, हें तुम्हांस पाठ आहे. परंतु "तें कां?" असें विचारतांच वर्गांतून बहुधा उत्तर येतें, "सर, तें तर डोळ्यांना दिसतेंच आहे!" डोळ्यांना दिसणें निराळें आणि बुद्धीला पटणें निराळें, हा भेद कळावा म्हणूनच भूमिति शिकावयाची.

युक्लिड या ग्रीक पंडितानें इ. स. पूर्वीं ३०० च्या सुमारास रचिलेल्या ग्रंथाच्या पहिल्या भागांतील हा पांचवा सिद्धांत होय. त्याची सिद्धता नवशिक्यांस इतकी अवघड वाटे कीं, युरोपांत त्यास 'गाढवांचा पूल' असें नांव पडलें.

कोणी म्हणेल, "शिरःकोन दुभागला कीं झालें." पण युक्लिडाच्या क्रमांत कोन दुभागण्याची कृति नववी आहे. ती आठव्या सिद्धांतावर, आठवा सातव्यावर आणि सातवा या पांचव्यावरच उभा आहे! तेव्हां त्याच्या वाटेनें जाणाऱ्यानें येथें दुभाजक घेणें म्हणजे जें सिद्ध करावयाचें तेंच गृहीत धरणें होय.

इ. स. च्या चौथ्या शतकांतील अलेक्झांड्रियाच्या पॅपसची युक्ति मोठी सुंदर आहे. अबक त्रिकोणांत अब आणि अक या बाजू समान आहेत. आतां हाच त्रिकोण अकब असा उलट वाचा. अब = अक, अक = अब, आणि मधला कोन अ तोच. दोन बाजू व त्यांमधील कोन समान, म्हणून दोन्ही त्रिकोण एकरूप; अर्थात् कोन ब = कोन क. एकहि नवी रेषा काढावी लागली नाहीं! कागदाचा असा त्रिकोण कापून पालथा घाला. तो आपल्या जागीं बरोबर बसेल.

याचा व्यत्यासहि खरा आहे: दोन कोन समान असल्यास त्यांच्या समोरील बाजू समान असतात.

आतां एक प्रश्न. समद्विभुज त्रिकोणाचा एक कोन ५० अंशांचा आहे; उरलेले किती? पुष्कळजण "६५ व ६५" म्हणून थांबतात. परंतु ५० अंशांचा कोन पायावरचा असेल, तर "५० व ८०" हेंहि उत्तर बरोबर आहे. दिलेला कोन १०० अंशांचा असेल, तर मात्र तो शिरःकोनच. कारण तसे दोन कोन मिळूनच १८० अंशांच्या पलीकडे जातात.

पालकांनींहि घरीं मुलांस केवळ उत्तर न विचारतां "तें कां?" असें अवश्य विचारावें. पूल ओलांडण्याचा मार्ग तोच आहे.