तयार होण्याआधीच गिऱ्हाइकाच्या हाती : ‘टीम फोर्ट्रेस २’ या खेळाच्या चाचणी-विक्रीची कहाणी

१७ सप्टेंबर २००७ रोजी अमेरिकेतील व्हॉल्व्ह या कंपनीने एक अपुरा माल गिऱ्हाइकांसमोर उघडा केला. माल म्हणजे संगणकावर खेळावयाचा एक खेळ, नाव ‘टीम फोर्ट्रेस २’. तो बाजारात यावयास अजून २३ दिवस होते, त्यात चुका होत्या आणि त्या असल्याचे कंपनी स्वतःच सांगत होती. तरीही ज्यांनी आगाऊ पैसे भरले होते त्यांना त्या दिवसापासून खेळावयास मुभा मिळाली. व्यापाराच्या पानावर खेळाची चर्चा कशासाठी, असे काही वाचकांना वाटेल. परंतु आगाऊ रक्कम, नमुना, वायदा, कारागिराचा वाटा आणि शेवटी जुगार, या पाचही गोष्टी या एका मालाच्या आयुष्यात एकामागून एक आल्या. शिवाय आपल्या घरातील मुले असले खेळ खेळतातच. त्यांचा पैसा कोठे जातो हे बापाला ठाऊक असलेले बरे.

संगणकाच्या धंद्यात माल पूर्ण होण्यापूर्वी बाहेरच्या लोकांकडून वापरून पाहतात, त्या अवस्थेला ‘बीटा’ म्हणतात. शिंपी कच्ची शिलाई घालून अंगरखा गिऱ्हाइकाच्या अंगावर चढवतो, तसाच हा प्रकार होय. फरक एवढाच की येथे अंगरखा एकाच वेळी हजारोंच्या अंगावर चढतो आणि कोठे ताणतो, कोठे सैल पडतो, याची नोंद आपोआप कारखान्याकडे जाते.

या खेळाचा जन्म ऑस्ट्रेलियात झाला. १९९६ साली रॉबिन वॉकर, जॉन कुक आणि इयान कॉघली या तरुणांनी ‘क्वेक’ या दुसऱ्याच कंपनीच्या खेळावर बदल करून ‘टीम फोर्ट्रेस’ बनविला व तो फुकट वाटला. १९९८ मध्ये व्हॉल्व्हने या मंडळींना आपल्याकडे घेतले. १९९९ साली त्याचीच एक आवृत्ती निघाली आणि त्याच वर्षी अमेरिकेच्या मोठ्या प्रदर्शनात दुसरा भाग येणार असल्याचे जाहीर झाले. तो आला २००७ मध्ये! मधल्या आठ वर्षांत आराखडे बनले आणि मोडले. लष्करी गणवेशातील खऱ्याखुऱ्या सैनिकांसारखी पात्रे टाकून देण्यात आली. २००६ साली कंपनीने पुन्हा पडदा उघडला तेव्हा लोकांना दिसली ती व्यंगचित्रातील वाटावीत अशी नऊ माणसे.

खेळाची मांडणी सोपी आहे. लाल आणि निळा असे दोन संघ. दोघेही कागदोपत्री प्रामाणिक कंपन्या: एक खोदकाम व पाडकाम करणारी, दुसरी बांधकाम करणारी. बाहेरून धान्याची कोठारे आणि गोदामे, आत मात्र गुप्त हेरांचे अड्डे. कधी समोरच्याची गुप्त कागदांची पेटी पळवावयाची, कधी जागा ताब्यात घ्यावयाच्या. विक्रीस आला तेव्हा त्यात अशी सहा मैदाने होती. खेळणाऱ्याने नऊ पेशांपैकी एक निवडावयाचा, आणि खरी गंमत येथे सुरू होते.

स्काउट हा हाडकुळा पोरगा सर्वांत वेगाने धावतो, हवेत दुसऱ्यांदा उडी मारतो आणि जागा ताब्यात घेताना एकटाच दोघांच्या बरोबरीचा धरला जातो. पण त्याची ताकद १२५. हेवी नावाच्या धिप्पाड रशियनाची ताकद ३००, मात्र तो बैलगाडीच्या चालीने चालतो. सोल्जर तोफगोळे मारतो, पायरो आग ओकतो, डेमोमॅन सुरुंग पेरतो, स्नायपर दुरून नेम धरतो. इंजिनीअर स्वतः फारसा लढत नाही. तो धातूचे तुकडे जमवून आपोआप चालणारी तोफ, रसद देणारे यंत्र आणि माणसे इकडून तिकडे पोहोचविणारी यंत्रे उभी करतो. स्पाय शत्रूचा वेष घेऊन त्याच्याच गोटात हिंडतो व ती यंत्रे बिघडवितो. मेडिक म्हणजे वैद्य. तो जखमा भरतो. भरता भरता त्याच्या यंत्रात शक्ती साठते आणि ती पूर्ण झाली की आठ सेकंद तो व त्याचा जोडीदार यांना कसलीच इजा होत नाही.

कारखाना चालविणाऱ्याला यातले मर्म चटकन कळेल. नऊपैकी कोणीही एकटा पुरा नाही. हेवीच्या पाठीशी मेडिक नसेल तर त्याची ३०० ची ताकद फुकट जाते, आणि मेडिक एकटा पडला तर तो शिकार आहे. इंजिनीअरची तोफ दहा जणांना अडवील, पण एक स्पाय तिला निकामी करतो. त्या स्पायचे सोंग पायरोच्या आगीपुढे टिकत नाही. प्रत्येकाला कोणीतरी लागतो आणि प्रत्येकाला कोणीतरी भारी पडतो. चाचणीच्या त्या दिवसांत हेच जोखावयाचे होते: नऊपैकी एखादा पेशा इतका जबर तर नाही ना, की सगळे तोच निवडतील? तसे झाले की उरलेल्या आठांवरची मेहनत वाया गेली असे समजावे.

विनोदाचा भाग वेगळा सांगावयास हवा, कारण मालाची ओळख त्यावरच उभी राहिली. खेळाडू मेला की पडदा क्षणभर थांबतो, मारणाऱ्याचे चित्र दिसते आणि आजूबाजूला पडलेल्या तुकड्यांवर ‘हा तुमचा पाय’ अशा धर्तीच्या पाट्या लागतात. नंतर कधीकधी धीरही दिला जातो की या खेपेला तुम्ही अमुक बाबतीत स्वतःचाच उच्चांक मोडलात! हरलेल्या गिऱ्हाइकाला राग येऊ न देता पुन्हा दुकानात आणण्याची ही युक्ती होय. प्रत्येक पात्राची ओळख करून देणाऱ्या हास्यपूर्ण छोट्या फिती कंपनीने २००७ च्या मे महिन्यापासून काढल्या. जाहिरात लोक टाळतात. या फिती मात्र ते शोधून पाहू लागले. तरी येथे स्पष्ट सांगितले पाहिजे की रक्त आणि मारामारी हसत दाखविली म्हणून ती निर्दोष ठरत नाही. डेमोमॅन तर दारूची बाटली घेऊन फिरतो. अमेरिकेतील वर्गीकरण संस्थेने हा खेळ १७ वर्षे व त्यावरील वयासाठी ठरविला आहे, हे पालकांनी ध्यानात ठेवावे.

आता कारागिरांच्या कामाची बाब. व्हॉल्व्हच्या चित्रकारांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील अमेरिकन जाहिरात-चित्रकार समोर ठेवले, विशेषतः जे. सी. लेयेन्डेकर. आपली पद्धत त्यांनी २००७ मध्ये एका शोधनिबंधातून खुलेपणाने मांडली. पहिली कसोटी अशी की पात्राची केवळ काळी सावली दिसली तरी ते कोण आहे हे ओळखता आले पाहिजे. हेवीचे खांदे, स्काउटचे काटकुळे पाय, इंजिनीअरचे शिरस्त्राण. रंग काढून घेतला तरी घोटाळा होत नाही. दुसरी कसोटी रंगाची. लाल संघाच्या इमारती लाकडी, उबदार रंगांच्या आणि तिरकस. निळ्याच्या काँक्रीटच्या, थंड रंगांच्या आणि काटकोनी. म्हणजे आपण कोणाच्या हद्दीत आहोत हे पाटी न वाचता कळते. तिसरी गोष्ट सर्वांत बारीक: पात्राच्या पायाकडे रंग गडद आणि छातीकडे उजळ ठेवला. कारण हत्यार छातीच्या उंचीवर असते, आणि समोरच्याच्या हाती काय आहे हे आधी दिसणे जरुरीचे असते. नक्षी कोठे भरावयाची आणि कोठे जागा मोकळी सोडावयाची, हा प्रश्न पितळेच्या भांड्यावर ठोका मारणाऱ्यालाही रोज पडतो. नक्षी पाहणाऱ्याची नजर नेण्यासाठी असते. आठ वर्षांचा उशीर झाला खरा, पण टाकून दिलेले लष्करी रूप आणि हे रूप शेजारी ठेवून पाहिले तर उशीर वाया गेला असे म्हणवत नाही.

व्यवहाराकडे वळू. खेळ एका संचात विकला गेला. ‘ऑरेंज बॉक्स’ नावाच्या एका पेटीत पाच खेळ होते आणि पेटीची किंमत ४९.९९ डॉलर. कंपनीच्या ‘स्टीम’ या दुकानातून आगाऊ घेणाऱ्यास १० टक्के सूट, आणि त्यावर ही चाचणीची मुभा. पाचांपैकी दोन खेळ जुने होते व पुष्कळ गिऱ्हाइकांकडे ते आधीच होते. अशा गिऱ्हाइकांना जादा प्रती दुसऱ्यास भेट देता येतील अशी सोय कंपनीने केली. एकच माल दोनदा विकल्याची तक्रार त्यामुळे बोथट झाली, आणि भेट मिळालेला प्रत्येक जण दुकानाच्या वहीत नवे खाते म्हणून चढला.

आपल्या शरिअतमध्ये हातात नसलेला माल विकण्यास मूलतः मनाई आहे, पण दोन दरवाजे खुले ठेवले आहेत. एक ‘सलम’, ज्यात पूर्ण रक्कम आधी द्यावयाची आणि माल नंतर. मदीनेतील लोक खजुरांसाठी असा व्यवहार करीत, तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी माप, वजन आणि मुदत ठरलेली असावी अशी अट घातली. दुसरा ‘इस्तिस्नाअ’, म्हणजे कारागिराकडून वस्तू बनवून घेण्याचा करार. त्यात वस्तूचे वर्णन पक्के हवे. संगणकावरील खेळ यांपैकी कशात बसतो हे सांगणे मुफ्ती साहेबांचे काम आहे. व्यापारी म्हणून पाहावयाचे ते हे की २००७ च्या या सौद्यात पेटीत काय आहे, किंमत किती, माल कधी मिळणार, हे तिन्ही आधी सांगितलेले होते, आणि १० ऑक्टोबर २००७ ही तारीख पाळली गेली. अपुरा माल अपुरा म्हणूनच दाखविला होता. आज अनेक कंपन्या ‘बीटा’ची पाटी लावून वर्षानुवर्षे पैसे घेतात आणि पूर्ण माल देण्याची तारीखच सांगत नाहीत. अशा सौद्यात ग़रर, म्हणजे अनिश्चिततेचा धोका, उघड दिसतो.

चाचणी संपली तरी मोजमाप थांबले नाही. कोणत्या मैदानावर माणसे कोठे जास्त मरतात याचे नकाशे कंपनीने तयार करून प्रसिद्धही केले. त्या आधारे दुरुस्त्या होत राहिल्या आणि एप्रिल २००८ पासून नवी हत्यारे व मैदाने विनामूल्य मिळू लागली.

येथपर्यंत सगळे ठीक होते. मे २००९ मध्ये पात्रांसाठी टोप्या आल्या. टोपी घालून ताकद वाढत नाही, केवळ शोभा. ३० सप्टेंबर २०१० रोजी खेळाच्या आतच दुकान उघडले. बाहेरच्या कारागिरांनी घडविलेल्या वस्तूही त्यात होत्या, व विक्रीचा २५ टक्के वाटा त्यांना मिळू लागला. पहिल्या दोन आठवड्यांत अशा पाच कारागिरांना प्रत्येकी ३९ ते ४७ हजार डॉलर मिळाले. ही वाट आजही आहे. संगणकावर आकार घडविणे शिकलेल्या आपल्या मुलांनी खेळण्यापेक्षा घडविण्याच्या बाजूला उभे राहावे, असे मला वाटते. पुढे २३ जून २०११ पासून खेळ सर्वांना फुकट झाला, आणि त्यानंतर उत्पन्न बारा पट झाल्याचे कंपनीच्या वतीने २०१२ साली सांगण्यात आले. फुकट वाटून बारा पट! पैसा आता दुकानातून येत होता.

पण त्याच दुकानात बंद पेट्याही होत्या. पेटी खेळता खेळता मिळते, उघडावयाची किल्ली मात्र २.४९ डॉलरला. आत काय निघेल ते नशिबावर. बहुतेकदा क्षुल्लक वस्तू, क्वचित एखादी दुर्मिळ टोपी, जी खेळाडू एकमेकांना भारी किमतीस विकतात. सूरह अल-माइदामध्ये ज्या ‘मैसिर’ला मनाई आहे त्याच्याशी हे किती मिळते, हे सांगण्यासाठी मोठा आलिम लागत नाही. २०१८ साली बेल्जियमच्या जुगार आयोगाने काही नामांकित खेळांतील अशा पैसे देऊन उघडावयाच्या पेट्यांना जुगारच ठरविले.

२५ जुलै २०१९ रोजी एका दुरुस्तीत चूक राहिली. काही जुन्या पेट्यांतून दर खेपेस दुर्मिळ टोपीच निघू लागली. बातमी पसरताच लोकांनी त्या पेट्या मिळेल त्या भावाने उचलल्या, आणि ज्यांनी आपली बचत टोप्यांत गुंतविली होती त्यांच्या मालाचे भाव पाहता पाहता कोसळले. कंपनीने चूक दुरुस्त केली व त्या पेट्यांतून निघालेल्या टोप्यांच्या खरेदी-विक्रीवर बंधने घातली. दुर्मिळता कंपनीच्या यंत्रातील एका आकड्यावर टांगलेली होती आणि तो आकडा बदलण्यास एक रात्र पुरली. सोने, जमीन किंवा सूत यांचा भावही पडतो, पण माल हातात राहतो.

घरातील मुलाने किल्लीसाठी दोन-अडीच डॉलर मागितले तर रक्कम लहान म्हणून दुर्लक्ष करू नये. आपले कार्ड खेळाच्या खात्याला जोडलेले आहे काय, हे आधी तपासावे. जोडलेले असल्यास ते काढून घ्यावे आणि प्रत्येक खरेदी स्वतः पाहून, मोजून द्यावी.